घोड्याचे चिलखत

दोष काढणे हा माझा पोटाचा धंदा आहे. मी शाळामास्तर. वर्षाकाठी हजारो ओळींखाली लाल रेघा ओढतो. ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला, बेरजेतला हातचा विसरलेला, अकबराच्या आधी औरंगजेब गादीवर बसवलेला, काही म्हणून नजरेतून सुटत नाही. आणि दोष काढून घेणे हा माझा हौसेचा धंदा आहे. कारण मी कादंबऱ्याही लिहितो. वाचक हा मास्तरांचाही मास्तर. त्याच्या हातात लाल पेन्सिल नसते, पण त्याला भुवई असते, आणि ती एकदा वर चढली की खाली उतरवणे लेखकाच्या बापालाही जमत नाही. तेव्हा कोणते दोष माणसे पोटात घालतात आणि कोणते जन्मभर डोक्यात ठेवतात, हा प्रश्न माझ्या दृष्टीने मोठ्या जिव्हाळ्याचा आहे. मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणाला झेपतील तेवढ्या ग्रंथांत मी त्याचे उत्तर शोधले. ते मिळाले मात्र माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर.

आमचे जिते पेण तालुक्यात. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर आपट्याच्या पुढे आमचे स्टेशन लागते. मग हमरापूर, मग पेण. या मुलखात गणपतीचे कारखाने इतके, की पावसाळ्याच्या तोंडाला पडवीत, ओटीवर, मांडवाखाली जिकडे पाहावे तिकडे बाप्पा बसलेले असतात; कोणी पांढरे, कोणी अर्धे रंगलेले, कोणी नुसतेच सोंडेची वाट पाहत. माझा भाचा अशाच एका कारखान्यात रंगकाम करतो. वय एकोणीस. बहिणीचे घर आमच्या घराला लागून. मधे फक्त एक शेवग्याचे झाड. दिवसभर हा पोरगा पितांबराला पिवळा रंग देतो आणि रात्री जेवण उरकले की कॉम्प्युटरपुढे बसून तलवार उपसतो. एरवी त्याच्या तोंडून सबंध वाक्य निघणे कठीण. परंतु त्या खेळाविषयी विचारले म्हणजे तो बोलतो. म्हणून मी विचारू लागलो.

या खेळांच्या जातीला ‘रोल प्लेइंग’ असे नाव आहे. मला काही अर्थबोध होईना. तेव्हा तो म्हणाला, “मामा, शिमग्यात सोंग घेतात ना? तसंच. फक्त इथं सोंग उतरवायची घाई नसते.”

ही व्याख्या मला पटली. सोंगाचाच हा खेळ. तुम्ही योद्धा व्हा, चोर व्हा, मांत्रिक व्हा. एका अद्भुत राज्यात तुम्हांला सोडून देतात. राज्यावर संकट असते आणि ते तुम्हीच दूर करायचे असते. पण घाई नाही. वाटल्यास राज्य बुडू द्यावे आणि तुम्ही रानात फुले वेचत हिंडावे. भाच्याच्या आवडीच्या मालिकेचे नाव ‘एल्डर स्क्रोल्स’. अमेरिकेतल्या बेथेस्डा नावाच्या कंपनीने १९९४ साली तिचा पहिला खेळ काढला. पाचवा, ‘स्कायरिम’, २०११ च्या नोव्हेंबरात आला. हिमाच्छादित डोंगर, ओसाड देवळे, आकाशातून आग ओकत येणारे पंखांचे अजगर, असा सारा थाट. वीरधवलाची पारायणे केलेल्या माणसाला तिथे परके वाटण्याचे काही कारण नाही. अमेरिकेत शर्ली करी नावाच्या आजीबाईंनी ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना हा खेळ लोकांना खेळून दाखवायला सुरुवात केली, तर जगभरची पोरे त्यांना आजी म्हणू लागली. आणि मालिकेच्या पुढच्या खेळात त्यांच्या नावाचे पात्र घालण्याचे कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले.

आता गंमत अशी, की ही मालिका जितकी लाडकी तितकीच दोषांनी भरलेली! स्कायरिममध्ये गदा घेतलेले राक्षस हिंडतात. त्यांच्यातल्या एकाने फटका हाणला की तुम्ही मरता हे ठीक. पण मरून पडण्याऐवजी सरळ आभाळात जाता. ही हिशेबातली चूक होती. परंतु ती इतकी मजेदार निघाली, की करणाऱ्यांनीच ती तशी राहू दिली. खेळ निघाल्यावर काही दिवसांनी दोष दुरुस्त करणारा एक तुकडा पाठवण्यात आला, तर त्याने पंखांचे अजगर चक्क शेपटीकडून उडू लागले. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली तर त्याला दिसेनासे होते आणि त्याच्या देखत दुकान लुटता येते. तो बापडा बादलीच्या आतून कुशल विचारीत राहतो. त्याआधीच्या, २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तर एक बाई बोलता बोलता चुकते, थांबा, पुन्हा म्हणते, असे म्हणते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते. ध्वनिमुद्रणातला नको असलेला तुकडा कापायचा राहून गेला होता. २०२५ मध्ये हा खेळ नव्या सजावटीने पुन्हा निघाला, तेव्हाही त्या बाईंची चूक जपून ठेवण्यात आली. काढली असती तर लोक रागावले असते!

मी भाच्याला म्हटले, “अरे, विकत घेतलेला पंखा उलटा फिरला तर आपण दुकानात जाऊन भांडतो. अजगर उलटा उडाला तर तू हसतोस काय?”

तो म्हणाला, “त्यात माझं काय गेलं, मामा? राक्षसानं मला आभाळात उडवलं, तर वरून सगळा मुलूख दिसला.”

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. माझे आजोळ सावंतवाडीकडचे. लहानपणी जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेला आहे. तिथेही सोंगेच. पात्रे स्वतःचे तोंड स्वतः रंगवतात. संवाद लिहिलेले नसतात. कथा तेवढी ठरलेली, बोलणे ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. लाकडी बाक हेच सिंहासन, हाच पर्वत आणि हाच रथ. एका राजाच्या मनगटावर घड्याळ होते हे मला अजून आठवते. त्याच्या लढाईत किरीट कलला, दैत्याची एक मिशी गळून पडली, आणि दैत्याने ती उचलून, डोळ्यांत अंगार तसाच ठेवून, पुन्हा चिकटवली. माणसे पोट धरून हसली. पण पुढच्याच क्षणाला त्याने आरोळी ठोकली, तेव्हा माझ्या शेजारची पोरे आयांच्या पदरात शिरली. हसणारे तेच आणि घाबरणारेही तेच. मिशीने काही बिघडले नाही. कारण आरोळी खरी होती. आमच्या कारखान्यांतही हाच न्याय. उंदराच्या शेपटीवर रंगाचा ओघळ आला तर गिऱ्हाईक कुरकुरत नाही. पण डोळ्यांची आखणी जुन्या, मुरलेल्या हाताकडेच असते. बाप्पाची नजर चुकली की मूर्ती घरी जात नाही.

आणि ज्याच्यावर जीव जडला, त्याचे दोष माणसे नुसते सोसत नाहीत, तर मिरवतात. स्पेनच्या सर्व्हांटिसची गोष्ट घ्या. त्याचा ‘डॉन किहोटे’ हासुद्धा एका सोंगाचाच ग्रंथ. म्हातारा गृहस्थ शूर सरदाराचे सोंग घेऊन निघतो, एवढीच कथा. १६०५ साली पहिला भाग निघाला. त्यात सेवक सांचोचे गाढव चोरीला जाते आणि ते परत मिळाल्याचा पत्ता नसताना सांचो त्याच गाढवावर बसून पुढे निघतो! लोकांनी लेखकाची हुर्यो केली. दहा वर्षांनी दुसरा भाग आला, तेव्हा लेखकाने त्यातल्या पात्रांकडूनच हा प्रश्न सांचोला विचारवला. आणि सांचोने शांतपणे सांगितले, की एक तर इतिहास लिहिणारा चुकला असेल, नाही तर छापणाऱ्याचा हलगर्जीपणा असेल. यावर कोण काय बोलणार?

एल्डर स्क्रोल्सवाल्यांनी याच्याही वर ताण केली आहे. १९९६ च्या दुसऱ्या खेळाचा शेवट खेळणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे वेगवेगळा होई. कोणाकडे हा राजा जिंके, कोणाकडे तो. मग पुढच्या खेळात खरा इतिहास कोणता धरायचा? त्यांनी पुढच्या खेळातल्या बखरींत लिहून टाकले, की त्या दिवशी काळच मोडला आणि सगळे शेवट एकाच वेळी घडले! माझ्या वर्गात एखाद्याने पानिपतच्या लढाईत दोन्ही बाजू जिंकल्या असे लिहिले तर मी त्याला भोपळा देईन. पण इथे मला टोपी काढावीशी वाटली. प्रत्येक खेळाडूचा शेवट त्यांनी खरा मानला. कोणाचेही श्रम खोटे ठरवले नाहीत.

मग माफ होत नाही ते काय? श्रावणातल्या एका संध्याकाळी मी हे विचारले. बाहेर पाऊस कोसळत होता. भाच्याने बोटे मोजली.

पहिली गोष्ट प्लेस्टेशन ३ वरच्या स्कायरिमची. त्या यंत्रावर खेळ जो जो अधिक खेळावा, जतन केलेली नोंद जो जो फुगावी, तो तो चित्र अडखळू लागे, रखडे, थिजे. म्हणजे ज्याने चार दिवस खेळून सोडला त्याला काही नाही. ज्याने महिनोन्महिने जीव लावला त्यालाच शिक्षा! तिथे कोणी हसले नाही.

दुसरी गोष्ट घोड्याच्या चिलखताची. २००६ च्या एप्रिलात ऑब्लिव्हियनमधल्या घोड्यासाठी कंपनीने चिलखत विकायला काढले. किंमत अडीच डॉलर. घोडा खोटा, चिलखत खोटे, आणि डॉलर तेवढे खरे. पुष्कळांनी ते घेतलेही. पण जी चीड उसळली ती अशी, की ‘घोड्याचे चिलखत’ हा शब्द या खेळांच्या दुनियेत कायमचा टोमणा होऊन बसला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटते. स्कायरिममधल्या शेकडो चुका खेळाडूंनीच आपल्या वेळात बसून दुरुस्त केल्या आणि ती दुरुस्ती सर्वांना फुकट वाटली. गावाने श्रमदानाने रस्ता करावा, तसेच हे. कितीकांनी नवी शस्त्रे, नवी गावे, नव्या कथा रचून दिल्या. २०१५ च्या एप्रिलात असे ठरले, की अशा वस्तूंना इथून पुढे किंमत लावता येईल आणि विक्रीतला मोठा वाटा कंपन्यांकडे जाईल. श्रमदानाच्या रस्त्यावर टोलनाकाच! इतका गदारोळ झाला, की आठवडा पुरा होण्याच्या आत ती योजना मागे घ्यावी लागली. करणाराला मोल मिळावे यात गैर काही नाही. पण जिथे कालपर्यंत देवाणघेवाण प्रेमाची होती, तिथे मधेच गल्ला मांडलेला माणसांना सोसला नाही.

“चुकलं तर हसू येतं, मामा,” भाचा म्हणाला, “पण आपल्या गाठीचं गेलं की नाही येत.”

आपले जुने लोक हेच सांगून गेले आहेत. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ही म्हण आपण दारिद्र्यासाठी वापरतो. पण तिचा दुसराही अर्थ त्या दिवशी मला दिसला. सोंगाच्या खेळात राक्षस खोटा चालतो, राज्य खोटे चालते, मिशी गळालेली चालते. खेळणाराने गाठीचे म्हणून जे घातलेले असते, त्याचा वेळ, त्याचे कष्ट, त्याचे पैसे, तेवढे मात्र खरे असते. तिथे सोंग चालत नाही.

आमच्याकडच्या मंडळींनीही असा प्रयत्न केलेला आहे, हे मला भाच्यानेच सांगितले. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. तो अगदी त्याच जातीचा नव्हे. त्यात सोंग निवडता येत नाही, एकच घ्यावे लागते. राजी ही करामती करून दाखवणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि दुर्गेने दिलेली शस्त्रे घेऊन ती त्याच्या शोधात निघते. कथेचे काही भाग बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितले आहेत. या मंडळींनी २०१७ मध्ये लोकवर्गणीने पैसे उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि खेळ निघाला त्या वर्षी पदार्पणाच्या जागतिक पारितोषिकासाठी त्याचे नाव यादीत लागले. दोष? आहेत की! लढाईत हात अडखळतो, उड्या चुकतात, आणि चार घटकांत खेळ आटोपतो, तोही अर्ध्या वाटेवर. “ताटावरून उठवल्यासारखं वाटलं,” भाचा म्हणाला. “पण ज्यांनी वाढलं त्यांच्याकडे तेवढंच होतं, मामा. राखून ठेवून उठवलं नाही.”

हे सारे चालले होते तेव्हा दारात भावोजी उभे होते. भावोजी टेंपो चालवतात. गणपतीच्या दिवसांत मूर्ती मुंबईला पोचवतात. अंगावरचे पाणी निथळत होते. बापलेकांत गेले वर्षभर धड बोलणे नव्हते. पोरगा बारावीला दोन विषयांत गेला, म्हणून बाप रागावला आहे, असे गावात सर्वजण धरून चालत. भावोजींनी टॉवेलने डोके पुसले आणि अगदी हलक्या आवाजात विचारले,

“मग फॉर्मचे पैसे रे?”

पोराने मान खाली घातली. पावसाचा आवाज तेवढा राहिला.

हकीकत मला नंतर बहिणीने सांगितली. पुन्हा परीक्षेला बसण्याच्या फॉर्मसाठी पोराने बापाकडून पैसे मागून नेले होते. फॉर्म भरला नाही. त्या पैशांत स्वतःचे थोडे घालून त्याने कॉम्प्युटरचा एक जुना भाग आणला होता. तो घातल्याशिवाय डोंगरावरचे बर्फ नीट दिसत नसे. भावोजी मला म्हणाले, “नापासाचं मला काही नाही, मास्तर. मी तरी कुठं शिकलोय? सातवी. डोक्यात शिरलं नाही, नाही शिरलं. पण पैसे नेले ते फॉर्म म्हणून नेले.”

मी मास्तर असूनही या उत्तरपत्रिकेवर लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. पोराने स्वतःच नियम सांगितला होता आणि बापाने तो ऐकला होता. भावोजींनी कोणताही खेळ खेळलेला नाही. पण कोणता दोष पोटात घालायचा आणि कोणता नाही, याचा त्यांचा हिशेब त्या जगभरच्या खेळाडूंच्या हिशेबाशी काट्याला काटा जुळत होता.

गणपती झाले. कारखान्याचा हिशेब झाला. मजुरी हातात आली त्या संध्याकाळी पोरगा शेवग्याखालून आला, ओटीवर बसलेल्या बापापुढे नोटा ठेवल्या आणि उभा राहिला. मला वाटले, भावोजी त्या न मोजताच खिशात घालतील. सिनेमात तसे होते. भावोजींनी मोजल्या. बोटाला थुंकी लावून, एकेक नोट सुटी करून, दोनदा मोजल्या. त्या नेलेल्या रकमेपेक्षा कमी होत्या. भावोजींनी त्या घडी करून खिशात टाकल्या आणि म्हणाले, “उद्या पनवेलला जायचंय मला. येतोस का बरोबर?”

कमी पडलेल्या पैशांबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. कमी पडणे हा हाताचा दोष. तो त्यांना चालत होता.

आता दिवाळी आली आहे. तुमच्या घरी करंज्या तळल्या गेल्या असतील. एखादीची कड सुटून सारण तेलात सांडले असेल आणि ती करंजी करणारीनेच गुपचूप तोंडात टाकली असेल. कंदील थोडा वाकडा लागला असेल. लागू द्या. हा अंक चाळतानाही कुठे काना सुटलेला, कुठे वेलांटी फिरलेली, कुठे माझ्याच लेखात मेलेले गाढव चालताना आढळले, तर तेही पोटात घाला. आणि अगदीच राहवले नाही तर सांचोला स्मरून सारे खापर मुद्रकावर फोडा. पण अंकाचे पूर्ण मोल घेऊन आत वाचण्यासारखे काहीच दिले नाही असे आढळले, तर मात्र संपादकांना खुशाल पत्र लिहा. त्यात एवढेच विचारा, की घोड्याचे चिलखत केवढ्याला दिलेत?